बर्फाचा घाट आणि घरची मोटार

नाताळची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतून बर्फाचा विषय निघतो. मुलांनीं तो चित्रांत पाहिलेला असतो, आजीला एकदां हिमालय डोळ्यांनीं पाहावयाचा असतो, आणि घरांत मोटार चालविणारें माणूस असलें कीं आपणच गाडी हांकीत मनालीच्या पुढें जावें असें त्याच्या मनांत येऊं लागतें. यांत अशक्य असें कांहीं नाहीं. दरवर्षीं हजारों कुटुंबें असा प्रवास करतात व सुखरूप परत येतात. ज्यांचा प्रवास बिघडतो त्यांचा बहुधा बर्फ दिसला म्हणून बिघडत नाहीं. पांढऱ्या बर्फाला मनुष्य भितो, आणि भितो म्हणून जपतो. अपाय होतो तो ज्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहींत त्यांपासून: रस्त्यावर गोठलेला पाण्याचा पातळ पापुद्रा, आणि थांबलेल्या गाडींत शिरणारा धूर. हिवाळ्यांतील डोंगरी प्रवासाची सारी आंखणी या दोन न दिसणाऱ्या गोष्टी ध्यानांत घेऊन करावयाची असते.

प्रथम ज्या रस्त्याचा विचार करावयाचा तो डोळ्यांपुढें आणावा. मनाली हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २,०५० मीटर उंचीवर आहे. तेथून वर सोलंगचें पठार, त्यापुढें धुंदी, आणि मग बोगद्याचें दक्षिणेकडील तोंड. पूर्वीं पलीकडील लाहूलचें खोरें हिवाळ्याचे सुमारें सहा महिने बाहेरच्या जगाला तुटलेलें असे, कारण तिकडचा रस्ता ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडींतून जाई आणि ती खिंड बर्फानें बंद होई. ३ ऑक्टोबर २०२० या दिवशीं पीर पंजालच्या पोटांतून काढलेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचें उद्घाटन झालें, आणि ऐन हिवाळ्यांतहि सहलीची मोटार सिस्सूपर्यंत जाऊं लागली. बोगद्याचीं दोन्ही तोंडें सुमारें ३,०५० ते ३,१०० मीटर उंचीवर आहेत. दर हजार मीटर चढीला हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते, हा हवामानशास्त्राचा सामान्य हिशेब लाविला तर मनालींत पारा पांच अंशांवर असतांना बोगद्याच्या तोंडाशीं तो शून्याखालीं उतरलेला असणार. घरून निघतांना मनालीचें तपमान पाहून कपडे बांधणाऱ्यांची येथेंच पहिली चूक होते.

आतां गाडी चालविणाराकडे वळूं या. महाराष्ट्रांतील मनुष्याला घाट नवा नसतो. खंडाळा, आंबेनळी, वरंध हे घाट त्यानें भर पावसांत उतरलेले असतात, आणि ज्या गियरनें चढावें त्याच गियरनें उतरावें हा धडा त्याच्या हातापायांत मुरलेला असतो. हा धडा बर्फांतहि खरा आहे. तथापि घाटाच्या या संवयीनें जो एक आत्मविश्वास येतो तो बर्फांत फसवा ठरतो, कारण पावसानें रस्ता निसरडा होतो तो कांहीं अंशांनीं, आणि गोठलेल्या पाण्यानें होतो तो कितीतरी पटींनीं.

हें आंकड्यांनीं पाहिलें म्हणजे पटतें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्यापासून थांबावयास कोरड्या सपाट डांबरावर सुमारें ९ मीटर पुरतात. पावसानें भिजलेल्या चांगल्या रस्त्यावर बारा-तेरा मीटर लागतात. चाकांखालीं दबून घट्ट झालेल्या बर्फावर हेंच अंतर ३० मीटरांच्या वर जातें, आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर ६० मीटरांच्याहि पलीकडे. चालविणाराला धोका कळून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यांतील ११ मीटर यांत धरलेले नाहींत. हा झाला सपाट रस्त्याचा हिशेब. दर वीस मीटरांस एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर, त्याच गोठलेल्या पृष्ठावर, तीच गाडी थांबावयास सव्वाशे मीटर घेते. आणि दर दहा मीटरांस एक मीटर उतार असेल तर ती थांबतच नाहीं, कारण चाकांची पकड आणि उताराची ओढ तेथें सारख्याच भरतात. ब्रेक उत्तम असले, टायर नवे असले, तरी त्यांत फरक पडत नाहीं. अशा उतारावर गाडी थांबविण्याची खरी वेळ उतार सुरू होण्याच्या आधीं असते.

या हिशेबांत एक दिलासाहि आहे. वेग निम्मा केला तर थांबण्याचें अंतर चौथाईवर येतें. ताशीं २० किलोमीटर वेगानें गोठलेल्या सपाट रस्त्यावर १६ मीटर लागतील, म्हणजे भिजलेल्या रस्त्यावरील चाळिसाच्या वेगापेक्षां फारसें अधिक नाहीं. बर्फांत सावकाश चालविणारा मनुष्य भित्रा नसतो, तो गणित जाणणारा असतो.

पहाडांतले लोक या गोठलेल्या पापुद्र्याला हिंदींत पाला म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ऐकून भाजीपाल्याची आठवण होते व हंसूं येतें, परंतु तेथील बस हांकणारे हा शब्द हंसत उच्चारीत नाहींत. इंग्रजींत त्याला ब्लॅक आइस असें नांव आहे, म्हणजे काळा बर्फ. वस्तुतः तो काळा नसतो. तो कांचेसारखा पारदर्शक असतो आणि खालचें काळें डांबर त्यांतून दिसतें, म्हणून रस्ता केवळ ओला आहे असें वाटतें. त्याची घडण अशी: दुपारच्या उन्हानें कडेच्या ढिगांतील बर्फ वितळतो, पाणी रस्ता ओलांडून वाहूं लागतें, आणि ऊन डोंगराआड गेलें कीं तें जागच्या जागीं गोठूं लागतें. यावरून हें दिसून येईल कीं बर्फ पडत असतांनापेक्षां, बर्फ पडून गेल्यावर आकाश निरभ्र झालें असतां रात्र व पहांट अधिक धोक्याची असते. सुंदर स्वच्छ सकाळ पाहून सात वाजतां निघणारा प्रवासी नेमक्या वाईट वेळीं निघतो.

हा पापुद्रा सर्वत्र सारखा नसतो. उत्तरेकडे तोंड असलेलीं वळणें, जेथें हिवाळ्यांत ऊन पोंचतच नाहीं, देवदारांच्या दाट सांवलींतील तुकडे, झरा रस्ता ओलांडतो ती जागा, आणि पूल. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड वारा लागतो व जमिनीची ऊब मिळत नाहीं, म्हणून शेजारचा रस्ता ओला असतांना पूल गोठलेला असतो. ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याचे तुषार उडत नाहींत. टायरांचा चालू असलेला घरघराट एकाएकीं बंद पडतो. हातांतील चक्र हलकें लागूं लागतें. ही शेवटची खूण मिळाली म्हणजे गाडी त्यावर आलेली असते हें मात्र खरें. शून्याच्या जवळपासचा बर्फ हा कडाक्याच्या थंडींतील बर्फाहून अधिक निसरडा असतो, हीहि एक नवलाची गोष्ट. म्हणून थंडी कमी झाली, आतां भय नाहीं, हा समज धोक्याचा आहे.

यावरून प्रवासाचें वेळापत्रक आपोआप ठरतें, आणि तें उलट्या बाजूनें मांडावें लागतें. डिसेंबरच्या अखेरीस मनालीकडे सूर्य साडेपांचच्या आधींच मावळतो, आणि उंच कड्यांमुळें ऊन त्याच्याहि पुष्कळ आधीं रस्त्यावरून निघून जातें. म्हणजे चार वाजेपर्यंत गाडी मनालींत परत आलेली असावी. तसें व्हावयाचें तर दोनच्या सुमारास परतीच्या वाटेनें बोगदा ओलांडलेला असला पाहिजे. सकाळीं रस्त्याला ऊन लागल्यावर, म्हणजे दहाच्या सुमारास निघावयाचें. मधला जो वेळ उरतो तेवढाच सिस्सूचा. तो थोडा वाटतो खरा, पण मुलांना बर्फ पाहावयाला दीड तास पुरतो. त्यानंतर त्यांचे मोजे भिजतात आणि रडणें सुरू होतें. फोनमधील नकाशा दोन गांवांमधलें अंतर तासाभराचें दाखवील. त्या आंकड्यावर विसंबून बेत करूं नये. पुढें एक गाडी आडवी झाली तर मागें शेंकडों थांबतात, आणि मग त्या तासाला कांहीं अर्थ राहत नाहीं. २०२४ च्या डिसेंबरांत सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान असेंच झालें. शेंकडों वाहनें बर्फांत अडकलीं व पोलिसांना रात्रीं प्रवाशांना खालीं आणावें लागलें.

हवामानाची बातमी पाहणें हें तर ओघानेंच आलें. उत्तरेकडे हिवाळ्यांत बर्फ येतो तो बहुतेक पश्चिमी विक्षोभांमुळें, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूनें सरकत येणाऱ्या हवेच्या भोंवऱ्यांमुळें. ते कांहीं दिवस आधीं ओळखूं येतात, आणि हवामान खातें पिवळा, नारिंगी व तांबडा अशा रंगांनीं इशारे देतें. नारिंगी रंग दिसला कीं त्या दिवसाचा वरचा बेत सोडून द्यावा. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची चंदीगढची संशोधनसंस्था वेगळे देत असते. धुंदीच्या आसपासचे उतार त्या दृष्टीनें वाईट आहेत, म्हणून बर्फ पडून गेल्यावर त्या टप्प्यांत फोटोसाठीं गाडी थांबवूं नये. बर्फ असतांना सोलंगच्या बाजूला पोलीस पुष्कळ वेळां गाड्या अडवितात आणि चारी चाकांना जोर असलेलीं वा साखळ्या लावलेलीं वाहनेंच पुढें सोडतात. त्यांच्याशीं हुज्जत घालणारे प्रवासी दरसाल दिसतात. आपण मुंबईहून इतक्या लांब आलों, हें कांहीं रस्ता उघडा असण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

चारी चाकांना जोर असलेल्या गाडीविषयीं एक गैरसमज मोठा आहे. ती गाडी निघतांना व चढतांना उपयोगी पडते, थांबतांना नाहीं. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारी चाकांवर असतातच. बर्फांत कलंडलेल्या वाहनांत अशा दणकट गाड्या असतात याचें कारण त्यांच्या मालकांचा हाच भरंवसा.

स्वतःची गाडी नेणार असतील त्यांनीं चार कामें पुण्यांतच उरकावीं. पुणें ते मनाली हें अंतर जवळजवळ दोन हजार किलोमीटरांचें. वाटेंत कोणा अनोळखी कारागिराकडे हीं कामें करून घेण्यांत शहाणपणा नाहीं. आपल्याकडे उष्ण हवेंत रेडिएटरमध्यें नळाचें पाणी घालूनहि गाडी वर्षानुवर्षें चालते, आणि मालकाला त्याची आठवणहि नसते. तें पाणी बर्फाच्या प्रदेशांत रात्रीं गोठतें. गोठतांना पाणी सुमारें नऊ टक्के फुगतें आणि त्या फुगण्यापुढें धातूची भिंत टिकत नाहीं. सकाळीं इंजिनालाच तडा गेलेला आढळतो. एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचें निम्मेंनिम्में मिश्रण शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं, तें घालून घ्यावें. कांच धुण्याच्या पाण्याचीहि तीच गोष्ट. बॅटरी जुनी असेल तर बदलावी, कारण थंडींत तिची शक्ति घटते आणि नेमकी तेव्हांच इंजिनाला अधिक जोर लागतो. टायरांचें रबर सात अंशांखालीं कडक होऊं लागतें. झिजलेले टायर घेऊन तर जाऊंच नये. डिझेलवर चालणारी गाडी असेल तर पहाडांत शिरल्यावर तेथील पंपावर टांकी भरावी. डिझेलमध्यें मेणासारखे घटक असतात, ते थंडींत घट्ट होऊन नळी अडवितात. याच कारणासाठीं २०१९ सालीं इंडियन ऑइल कंपनीनें लडाखसारख्या भागासाठीं शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें डिझेल काढलें.

साखळ्या विकत वा भाड्यानें घ्याव्या, पण नुसत्या घेऊन डिकींत टाकूं नयेत. त्या ज्या चाकांना इंजिनाचा जोर पोंचतो त्यांनाच लावावयाच्या असतात. बहुतेक घरगुती गाड्यांत तीं पुढचीं चाकें. अंधारांत, बोटें बधिर झालेलीं असतांना, मागून भोंगे वाजत असतांना साखळी पहिल्यानेंच लावून पाहणाराची जी फजिती होते ती टाळावयाची असेल तर हॉटेलच्या अंगणांत एकदां ती लावून काढून पाहावी. सपाट जागीं, चढ सुरू होण्यापूर्वीं ती लावावी. साखळीनें ताशीं तीस-चाळीसपेक्षां अधिक वेग करूं नये, आणि उघडें डांबर लागलें कीं काढून ठेवावी.

गाडी हांकण्याचें तंत्र थोडक्यांत सांगावयाचें तर घरखर्चाची उपमा बरी पडेल. चाकांची रस्त्यावरील पकड ही एक ठराविक रक्कम आहे. ब्रेक लावण्यांत ती खर्च होते, वळण्यांत खर्च होते, वेग वाढविण्यांतहि खर्च होते. कोरड्या रस्त्यावर रक्कम मोठी असल्यामुळें एकाच वेळीं दोन्ही खर्च भागतात. बर्फांत भागत नाहींत. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधीं, सरळ रस्त्यावर. वळणांत ब्रेकहि नको आणि जोरहि नको. गाडी घसरूं लागलीच तर पाय दोन्हीकडून उचलावा, नजर कड्याकडे न लावतां जेथें जावयाचें त्या दिशेला लावावी, आणि चक्र तिकडेच हलक्या हातानें फिरवावें. चाकें अडकूं न देणारी ब्रेकची आधुनिक योजना ज्या गाडींत आहे तेथें ब्रेक दाबून धरावा. पायाखालीं थरथर होते तिला भिऊन पाय काढूं नये. चढावर पुढच्या गाडीच्या शेपटीला लागून जाऊं नये, कारण ती थांबली तर आपणहि थांबतों, आणि बर्फाच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हां हलविणें फार कठीण. वर येणाऱ्या गाडीला उतरणारानें वाट द्यावी हा डोंगरी रस्त्याचा नियम येथें केवळ शिष्टाचार राहत नाहीं.

आतां दुसऱ्या न दिसणाऱ्या गोष्टीकडे. २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांत इस्लामाबादजवळील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं बर्फ पाहावयास फार मोठी गर्दी लोटली. ७ तारखेच्या रात्रीं जोराचें हिमवादळ झालें, झाडें पडलीं, रस्ते बंद झाले, आणि हजारों मोटारी जागच्या जागीं अडकल्या. सकाळपर्यंत वीसांहून अधिक माणसें आपापल्या गाड्यांत मृत झालेलीं आढळलीं. त्यांत लहान मुलें होतीं, आणि एका गाडींतील कुटुंबच्या कुटुंब गेलें. कांहींजण थंडीनें गेले असतील. पण बंद गाडींत रात्रभर इंजिन व हीटर चालू ठेवल्यानें आंत सांचलेला कार्बन मोनॉक्साइड हा वायु हें एक प्रमुख कारण मानलें गेलें. बर्फ चढत चढत मागची धुराची नळी बुजवितो, धूर बाहेर जाण्याऐवजीं गाडीच्या खालून आंत शिरतो. या वायूला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटावयाचा, त्याला हा त्याच्या दोनशेंहून अधिक पट जोरानें चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, आणि मग झोंप येते; दमलेलें मूल झोंपीं गेलें असेंच आईला वाटतें.

म्हणून अडकल्यावर इंजिन रात्रभर चालू ठेवूं नये. आधीं उतरून धुराच्या नळीभोंवतालचा बर्फ फावड्यानें साफ करावा, मग तासांतून दहा मिनिटें इंजिन चालवून गाडी उबदार करावी व बंद करावें. तेवढ्या वेळांत वाऱ्याच्या उलट बाजूची एक कांच दोन बोटें उघडी असावी. पुन्हां इंजिन सुरू करण्यापूर्वीं पुन्हां नळी पाहावी. मोठ्या माणसांपैकीं एकानें आळीपाळीनें जागें राहावें. गाडी सोडून उजेडाच्या रोखानें चालत सुटूं नये. गाडी सांपडते, मनुष्य सांपडत नाहीं. मदतीसाठीं ११२ हा आंकडा आहे, तथापि दरींत फोन लागेलच असें नाहीं, म्हणून कोठें जातों व केव्हां परततों हें हॉटेलांत सांगून निघावें. ज्या सिगडीवर पहाडांतले लोक हात शेकतात ती बंद गाडींत वा बंद खोलींत कधींहि आणूं नये; त्यांतूनहि हाच वायु निघतो.

या बेतांत गृहिणीचा वांटा फराळापुरता समजण्याची चाल आहे ती बरी नव्हे. माणशीं एक घोंगडी, कोरडे मोजे, थर्मासमधील गरम पाणी, आजीचीं औषधें हातापाशीं, चिवडा, खजूर व गुळपापडी, विजेरी, फावडें, ओढण्याचा दोर आणि चाकांखालीं घालावयास दोन जुनीं गोणपाटें: हें सामान डिकीच्या तळाशीं नसून वर असलें पाहिजे, आणि तें तपासण्याचा व निघावें कीं नाहीं हें बोलण्याचा अधिकार चालविणारा सोडून दुसऱ्या कोणाला तरी दिलेला असावा. चालविणाराला परत फिरणें नेहमीं जड जातें. तेव्हां परतण्याची वेळ आदल्या रात्रींच जेवतांना सर्वांसमक्ष ठरवून टाकावी. मुलांनाहि ती ठाऊक असली म्हणजे तीं घड्याळाकडे बोट दाखवावयास विसरत नाहींत. लहान मुलांना फुगीर कोटावरून पट्टा बांधूं नये, तो सैल राहतो. कोट काढून पट्टा बांधावा व कोट वरून पांघरावा.

परतल्यावर रात्रीं गाडी उभी करतांना हातब्रेक गोठण्याची भीति असते. त्यापेक्षां सपाट जागीं गियरमध्यें ठेवून चाकांना दगड लावावे, आणि कांच पुसण्याच्या पट्ट्या उचलून ठेवाव्या. सकाळीं कांचेवर बर्फ जमलेला असेल. त्यावर कढत पाणी ओतूं नये, कांच तडकते. हीटर लावून, उंबऱ्याबाहेर ऊन येईपर्यंत स्वस्थ बसावें. अंगणांत पडलेला बर्फ मुलांना तेवढा वेळ पुरतो.